दुसरी हाक

हैदराबादेत मी तीस वर्षं धंदा करतो आहे. या तीस वर्षांत एकाही दुकानदाराने मला रिकाम्या हाताने जाऊ दिलेलं नाही. एक सोडून. त्याचं नाव मस्तानभाई. तो आता नाही, आणि नसलेल्या माणसावर रागावू नये असं माझी बायको म्हणते. पण माझा राग गेलेला नाही, तर मी काय करू?

आधी माझी पद्धत सांगतो, म्हणजे राग कशाचा ते कळेल. भाव तोंडाने करायचा नसतो, पाठीने करायचा असतो. आपला आकडा एकदाच सांगायचा. समोरचा नाही म्हणाला की ‘राहू द्या’ म्हणायचं, पाठ फिरवायची आणि चालू लागायचं. रेंगाळायचं नाही, मागे बघायचं नाही. दुकानदार कच्चा असेल तर दुसऱ्या पावलाला हाक मारतो, मुरलेला असेल तर चौथ्याला. ‘आओ सेठ, आओ, क्या देते बोलो.’ सहाव्या पावलापर्यंत दम धरणारा मी पाहिलेला नाही. आणि यातलं खरं कसब पुढे आहे. पहिली हाक आली की लगेच परत जायचं नाही. थांबायचं, मान थोडी वळवायची आणि दुसऱ्या हाकेची वाट बघायची. पहिल्या हाकेला जाणारा गरजू ठरतो. दुसऱ्या हाकेला जाणारा गिऱ्हाईक ठरतो.

मलकपेठेतलं माझं पंप आणि पाइपांचं दुकान याच अकलेवर उभं आहे. गावाहून आलो तेव्हा अंगावरचे कपडे सोडून काही नव्हतं. असो. मी माझ्याबद्दल सांगायला बसलेलो नाही.

मस्तानभाईचं दुकान सिकंदराबादला, स्टेशनच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर होतं. खाली यादगिरीची चहाची टपरी, बाजूला अरुंद दगडी जिना. पायऱ्या अकरा. मी मोजल्या आहेत, का ते पुढे येईलच. वर एक लांबट खोली, एक शिलाई मशीन, आणि भिंतीभर खुंट्यांना टांगलेल्या पाठीवरच्या बॅगा. डोंगर चढायला जाणारी मुलं घेतात तसल्या, उंच, पट्ट्यापट्ट्यांच्या. तो स्वतः शिवायचा. आधी बरीच वर्षं त्याने कॅन्टोन्मेंटमध्ये जवानांचे पिट्टू, म्हणजे पाठीवरचे थैले, शिवले होते, एवढं यादगिरीकडून कळलं. घर कुठे, पोरंबाळं किती, हे मला ठाऊक नाही. गिऱ्हाइकाला बसायला खुर्ची नव्हती. बसलेल्या माणसाची पाठ कळत नाही, असं त्याचं म्हणणं.

मी तिथे गेलो माझ्या मुलीमुळे. केतकी हायटेक सिटीतल्या एका कंपनीत आहे. मराठी बोलते, पण दुकानाची मराठी पाटी वाचायला सांगितली तर अक्षरं जोडत बसते. तिला दिवाळीनंतर कॅनडाला पाठवणार असं ठरलं, किती वर्षांसाठी ते कंपनीलाही माहीत नव्हतं. त्या दिवशी जेवताना ती म्हणाली, “बाबा, जायच्या आधी एकदा दुकान सोडून माझ्यासोबत चला ना. पाच दिवस. हिमालयात एक पास आहे, म्हणजे खिंड. ट्रेक करू दोघं.” तिने लहानपणापासून माझ्याकडे वस्तू मागितल्या होत्या, दिवस कधी मागितले नव्हते. मी हो म्हणालो. मग म्हणाली, “बॅग नीट बसणारी पाहिजे. सिकंदराबादला एक अंकल आहेत, मी संडेला तुम्हाला घेऊन जाते. आणि प्लीज, तिथे भाव नका करू.”

हे शेवटचं वाक्य ती बोलली नसती तर बरं झालं असतं. मी रविवारची वाट न बघता शुक्रवारीच एकटा गेलो.

तो मशीनवर वाकून बसला होता. बारीक चणीचा म्हातारा, गळ्यात टेप, दाढीला मेंदी. मी सरळ कामाचं बोललो. साठ लीटरच्या दोन बॅगा, एकसारख्या, दोन्ही मिळून काय लावणार?

त्याने वर बघितलं नाही. “लीटर में दूध लेते साब, बॅग नै लेते.”

“बरं, मोठ्या दोन.”

“किसके वास्ते?”

“एक मला, एक मुलीला.”

“बेटी की पीठ किधर है?”

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. तो पुन्हा म्हणाला, “पीठ. पीठ किधर है? जिसकी पीठ है उसकू लाओ. मैं पीठ देखे बगैर नै देतौं.”

मी म्हटलं, मुलगी माझ्यापेक्षा अर्धी वीत बुटकी आहे, त्या अंदाजाने द्या. तो हसला. आवाज न करता, फक्त खांदे हलवून. मी माझा आकडा सांगितला. त्याने एका बॅगेचा आपला भाव सांगितला, म्हणाला, दोन घेतल्या काय आणि वीस घेतल्या काय, भाव तोच, आणि पाठ बघितल्याशिवाय तोही नाही. मी म्हटलं, “राहू द्या.” पाठ फिरवली आणि जिना उतरायला लागलो.

एक, दोन, तीन, चार. काही नाही. पाच, सहा. जिना संपत आला तरी वरून हाक नाही. मशीनचा आवाजसुद्धा नाही, म्हणजे तो शिवायला लागला नव्हता, नुसता बसून होता आणि हाक मारत नव्हता. अकराव्या पायरीवर मी थांबलो. आयुष्यात पहिल्यांदा मीच मागे बघितलं असतं, पण खाली यादगिरी माझ्याकडे बघत होता.

“पीठ नहीं लाए ना सेठ?” तो म्हणाला. “चाय पियो. सबको ऐसाच होता.”

चहा पिता पिता त्याने मला एका मोठ्या लष्करी साहेबाची गोष्ट सांगितली. साहेबाने बॅगेसाठी आपला माणूस पाठवला होता. त्याच्याकडच्या कागदावर साहेबाची उंची, वजन, छाती, अगदी बुटाचा नंबरसुद्धा लिहिलेला. मस्तानभाईने कागद वाचला आणि परत दिला. “पीठ नै लिखी इसमें.” माणूस घाबरत घाबरत परत गेला. दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः आला, तणतणत जिना चढला. पाऊण तासाने खाली आला तेव्हा पाठीवर वाळूने भरलेली बॅग, चेहरा लालबुंद. मस्तानभाई वरून ओरडत होता, “फिर चढो!” अकरा पायऱ्या त्याने साहेबाला तीन वेळा चढायला आणि उतरायला लावल्या. कारण बॅग बसते की नाही ते आरशात कळत नाही, उतरताना कळतं. वजन खांद्यावर आलं तर माणूस उतरताना पुढे झुकतो, कमरेवर आलं तर सरळ उतरतो. “साब इधर बैठ के दो चाय पिया,” यादगिरी म्हणाला, “और पूरा पैसा देके गया.”

ही गोष्ट त्याने मला समजुतीसाठी सांगितली असावी. मला ती अपमानासारखी लागली. मी घरी आलो तोच तापलेला. “तो म्हणतो पीठ आणा! पीठ आणल्याशिवाय माल देत नाही!”

माझी बायको सुनंदा स्वयंपाकघरातून म्हणाली, “गव्हाचं का ज्वारीचं?”

केतकी इतकी हसली की तिला ठसका लागला. मी नाही हसलो.

दुसऱ्याच दिवशी मी दुसऱ्या एका बाजारात गेलो. दोन बॅगा घेतल्या, एकसारख्या, त्यातल्या सगळ्यात मोठ्या. दुकानदाराने तिसऱ्या पावलाला हाक मारली, दुसऱ्या हाकेला मी परत गेलो, आणि मस्तानभाईच्या एका बॅगेच्या पैशात दोन घेऊन आलो. वर पाण्याची बाटली फुकट. केतकीने बॅग पाठीवर घेऊन बघितली, कमरेचा पट्टा वर-खाली केला, आणि म्हणाली, “बाबा, रविवारी जायचं ठरलं होतं ना आपलं.” मग काही बोलली नाही. मी त्याचा अर्थ बॅग चालते असा घेतला.

ट्रेकबद्दल थोडक्यात सांगतो, कारण सांगायला आवडत नाही. पहिल्या दिवशी दोन तासांत माझा कमरेचा पट्टा मांड्यांवर येऊन बसला आणि सगळं ओझं खांद्यावर गेलं. डावीकडचा पट्टा तर खांद्यावर राहीचना, सारखा घसरायचा. मी तो एका हाताने धरून चालत होतो. संध्याकाळी पायथ्याच्या मुक्कामावर बॅगा वाहायला खेचरं मिळत होती. खेचरवाल्याने दर सांगितला, मी निम्मा सांगितला. तो म्हणाला, दर ठरलेला आहे. मी पाठ फिरवली. त्यानेही हाक मारली नाही. केतकी म्हणाली, “बाबा, मी देते ना पैसे.” मी म्हटलं, पैशाचा प्रश्न नाही. तेव्हा मला ते खरंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या डाव्या हाताची बोटं बधिर झाली. बुटाची नाडी बांधता येईना. आमच्याबरोबरच्या वाटाड्याने हात दाबून बघितला आणि सांगितलं, तुम्ही खाली जा, बाकीचे पुढे जातील. केतकी म्हणाली, मीपण जाते. मी नको म्हटलं, रागावलोसुद्धा. तिने ऐकलं नाही. माझीही बॅग पुढून पोटावर अडकवून ती उतरली. खिंड तिथून एका दिवसावर होती. ती तिने बघितली नाही.

परतीच्या गाडीत नामपल्ली स्टेशन येईपर्यंत ती खिडकीतून बाहेर बघत होती. रागावली असती तर मी दुप्पट रागावलो असतो आणि विषय मिटला असता. ती रागावली नाही, हेच अवघड गेलं.

ऑगस्टमध्ये मला सुनंदाकडून कळलं की केतकीने पुन्हा बुकिंग केलंय. तोच ट्रेक, सप्टेंबरअखेरचा.

“कुणासोबत जाऊ लागली?” मी विचारलं.

“एकटीच. एकाच माणसाचं केलंय म्हणाली.”

एकाच माणसाचं. मी दुकानात दिवसभर तेच शब्द घोळवत होतो. मी काही तिला विचारलं नाही. मला चला म्हणण्यासाठी तिला एकदा हाक मारायची होती, ती तिची मारून झाली होती. आता दिवाळीनंतर ती जाणार होती, आणि आपण बापाला सोबत नेलं आणि त्याने निम्म्या वाटेवरून परत आणलं, एवढीच आठवण घेऊन जाणार होती.

रविवारी ती बॅग घ्यायला सिकंदराबादला निघाली. मी म्हटलं, “तिथे पार्किंग मिळत नाही, मी सोडतो.” तिने माझ्याकडे बघितलं. “बाबा, वर येऊ नका.” मी म्हटलं, मला काय करायचंय वर येऊन.

यादगिरीच्या टपरीवर मी एक चहा पूर्ण पिऊ शकलो नाही. वरून मस्तानभाईचा आवाज येत होता, “सिर झुकाओ बेटा. हौ, ये हड्डी. अब हाथ कमर पे रखो.” मला एकदम वाटलं, हे सगळं या माणसामुळे झालं. याने त्या शुक्रवारी सरळ दोन बॅगा विकल्या असत्या, निदान एक हाक मारली असती, तर मी दुसऱ्या बाजारात गेलोच नसतो. मी जिना चढलो.

वर एक तरुण उभा होता, कंपनीचं ओळखपत्र गळ्यात, हातात परदेशी बनावटीची महागडी बॅग. पाठ दुखते अशी त्याची तक्रार. मस्तानभाईने बॅग उलटी केली, पाठीकडचा एक पट्टा दोन घरं खाली सरकवला आणि परत दिली. “जाओ.” तो पोरगा पाकीट काढायला लागला. “काय का पैसा? सरकाया मैं, बस.” मला हे बघूनच संताप आला. विकायचं तिथे हा माणूस विकत नाही, घ्यायचं तिथे घेत नाही. याचं दुकान चालतं कसं?

तो पोरगा गेल्यावर मी तोंड उघडलं. काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. तुमच्या हट्टापायी माझ्या मुलीची खिंड गेली, हे मात्र दोन वेळा बोललो. केतकी म्हणत होती, “बाबा, प्लीज. बाबा, चला.”

मस्तानभाई माझ्या चेहऱ्याकडे असा बघत होता जणू आधी कधी पाहिलाच नाही. खरंच पाहिलेला नव्हता. “कौन तुम?” म्हणाला. मी सांगायला लागलो तर हाताने थांबवलं. “घूमो.”

“काय?”

“अरे घूमो ना. पीठ दिखाओ.”

मी का वळलो मला सांगता येणार नाही. तीस वर्षं माझी पाठ मी स्वतःहून फिरवली, कुणी सांगितलं म्हणून फिरवायची ही पहिली वेळ.

“हौ!” तो खूश होऊन म्हणाला. “तुम! परसों आए थे ना? दो बॅगां एक भाव में मांगे थे.” त्याला पाच महिने होऊन गेले होते. पण हैदराबादेत परसों म्हणजे कालच्या आधीचा कुठलाही दिवस.

तो उठला आणि त्याने माझी मान खाली वाकवली. मानेच्या मुळाशी जे हाड वर येतं त्याच्यावर अंगठा ठेवला. दुसरा हात कमरेच्या हाडावर. टेप गळ्यातच राहिली, मधलं अंतर त्याने वितेने मोजलं. मग खडूने फळकुटावर इंचांचा आकडा लिहिला. सतरा. केतकीचा वर लिहिलेला होता. अठरा.

“हे उलटं लिहिलंय,” मी म्हटलं. “मी उंच आहे.”

“लंबे हैं तुम. मगर पूरा लंबापन टांगां में है. पीठ बेटी की बड़ी है.”

केतकीला हसू आलं. ते हसू बरेच महिने घरात दिसलं नव्हतं, म्हणून मी अपमान गिळला. पण त्याचं संपलं नव्हतं. त्याने माझ्या दोन्ही खांद्यांवर तळवे ठेवले, आडवे, गवंड्याने पाणसळ बघावी तसे.

“बायाँ कंधा दो उंगली नीचे है,” तो म्हणाला. “बोरे उठाए ना तुम? कित्ते साल?”

मी समोरच्या खुंट्या मोजायला लागलो.

“परसों उतर रहे थे ना सीढ़ी, तभीच देखा मैं. बोरे वाला ऐसाच उतरता.”

“कुठले बोरे?” केतकी म्हणाली. “बाबा, तुम्ही तर दुकानात कारकून होतात ना? सुरुवातीला?”

हे मीच तिला सांगितलं होतं. लग्नात सुनंदाच्या घरच्यांना तेच सांगितलं होतं. नंतर ते इतक्या वेळा सांगितलं की मलाही कारकुनीचं टेबल डोळ्यांसमोर दिसायला लागलं होतं. आणि हा शिंपी, ज्याला माझं नावही ठाऊक नव्हतं, त्याने दोन बोटांच्या फरकावरून ते टेबल उचलून बाजूला ठेवलं. तेही माझ्या मुलीसमोर. माझी खरी तक्रार ही आहे. बॅगेची नाही.

मी वळलो नाही. भिंतीकडे तोंड करूनच म्हणालो, “चार वर्षं. मलकपेठेच्या बाजारात. मिरचीची पोती. डाव्या खांद्यावर.”

मग केतकीने विचारलं, “म्हणून तो पट्टा घसरत होता?”

“असेल.”

“मग तिथे बोलायचं ना बाबा. मला वाटलं तुम्हाला यायचंच नव्हतं पुढे. म्हणून तुम्ही खेचरवाल्याशी भांडलात, म्हणून ते सगळं.”

मी मस्तानभाईवर घसरलो. “इतकं सगळं तेव्हाच दिसलं होतं, तर मला हाक का नाही मारली?” पुन्हा त्याच्या बोलीत विचारलं, “आवाज कैकू नै दिए?”

तो खरोखर गोंधळला. “देखरा था ना मैं,” तो म्हणाला. “तुम पीठ दिखा रहे थे, मैं देखरा था. आवाज देता तो घूम जाते ना तुम.”

मग त्याने खुंटीवरून एक बॅग काढली. तिच्या डाव्या पट्ट्याखाली कापडाची जाड गादी शिवली, दोन बोटं उंचीची, माझ्यादेखत, वीस मिनिटांत. वाळूच्या पिशव्या आत घातल्या. “पहले कमर का पट्टा. हड्डी के ऊपर. कसो. और कसो. अब कंधे के. कंधा बस पकड़ने के वास्ते है, उठाने के वास्ते नै.” मी उभा राहिलो आणि ओझं कुठे गेलं ते मला कळेना. डावा पट्टा खांद्यावर बसला होता, बसूनच राहिला होता. अकरा पायऱ्या उतरलो, चढलो, पुन्हा उतरलो. केतकी माझ्या पुढे, तिच्या पाठीवर अठराची बॅग. यादगिरी खालून ओरडत होता, “सीधे सेठ, सीधे!”

पैसे द्यायची वेळ आली तेव्हा त्याने भाव सांगितला. दोन्हींचा मिळून, एक पैसा कमी न करता. मी त्याच्याकडे बघितलं, केतकीने माझ्याकडे बघितलं. मी दिले. गादीचे पैसे त्याने लावले नव्हते, ते मी विचारलंही नाही. विचारलं असतं तर आभार मानावे लागले असते, आणि तेवढा मी निवळलो नव्हतो.

गाडीत बसल्यावर केतकी बराच वेळ फोनवर काहीतरी करत होती. मलकपेठ आलं तेव्हा म्हणाली, “बाबा, आधार नंबर सांगा. तुमचं पण बुकिंग करते.” आणि मग, “तो बाजार दाखवा ना. जिथे पोती उचलायचात.” मी गाडी तिकडे वळवली. बाजार आता तसा राहिलेला नाही. दाखवायला फार नव्हतं, तरी दाखवलं.

खिंड आम्ही ओलांडली. वर वारा इतका होता की बोलता येत नव्हतं. ते बरंच झालं.

दिवाळीनंतर केतकी गेली. त्यानंतर आठवड्याभराने मी सिकंदराबादला गेलो. काम काही नव्हतं. पण तसंच कापड मी एका ठिकाणी स्वस्तात बघितलं होतं, आणि मस्तानभाईने मला चढा भाव लावला हे त्याला ऐकवायचं होतं. घरी निदान असं सांगून निघालो.

तो थकला होता. मशीनवर झाकण होतं, खुंट्या निम्म्या रिकाम्या. मी दारात उभा राहिलो. त्याने ओळखलं नाही. मी काही न बोलता वळलो आणि पाठ दाखवली.

“हौ, तुम. सतरा. कंधा कैसा है?”

“ठीक आहे.”

“बेटी?”

“गेली कॅनडाला.”

“बॅग लेके गई?”

“हो. तीच घेऊन गेली.”

“अच्छा,” तो म्हणाला. कापडाच्या भावाचं मी तोंडापर्यंत आणलं होतं, पण त्या रिकाम्या खुंट्यांकडे बघून ते निघेना. “येतो,” म्हटलं आणि उतरायला लागलो. सवयीने पायऱ्या मोजत होतो. एक, दोन, तीन, चार.

“ओ साब!”

मी थांबलो. इतक्या महिन्यांनी ती हाक आली होती, आणि बरोबर चौथ्या पायरीवर. मी मान वळवली. तो जिन्याच्या वरच्या टोकाला येऊन उभा होता, एक हात भिंतीला, गळ्यात टेप. आणि पहिल्यांदाच तो माझा चेहरा नीट निरखत होता. डोळे बारीक करून, नवा कपडा बघावा तसा. त्याला काहीतरी सांगायचं होतं, की नुसता चेहरा बघायचा होता, मला आजही ठरवता येत नाही.

मी वर चढलो नाही. पहिल्या हाकेला जायचं नसतं. मी तिथेच, मान वळवून, दुसऱ्या हाकेची वाट बघत उभा राहिलो.

त्याने थोडा वेळ बघितलं, मग हात हलवला आणि आत गेला.

तो पुढच्या उन्हाळ्यात वारला. मला यादगिरीने सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून. वरच्या खोलीत आता मोबाइलची कव्हरं विकतात. मी एकदा चढून बघून आलो. उतरताना चौथ्या पायरीवर पाय आपोआप थांबला.